प्रेस्बिटेरियन चर्च खरंच सर्वांना सामावून घेतं का? पारखण्यापासून सभासद होईपर्यंत

अमेरिकेत एकाच रस्त्यावर दोन प्रेस्बिटेरियन चर्च असू शकतात. एकात प्रभुभोजनाच्या मेजामागे बाई पाळक उभ्या असतात आणि भाकरीचं तबक फिरवणाऱ्या 'वडिलां'पैकी (म्हणजे मंडळीने निवडलेल्या एल्डरांपैकी) एकजण आपल्या नवऱ्यासोबत आलेला पुरुष असतो. दुसऱ्यात बाईला वडीलही होता येत नाही. दोन्हीकडे पाटी तीच, गीतांच्या चाली बऱ्याचशा त्याच, बाहेरची हिरवळही तशीच. त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा लग्नानिमित्त तिकडे गेलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाने, आणि विशेषतः तो समलिंगी किंवा ट्रान्स असेल किंवा त्याचं मूल तसं असेल, तर नुसत्या नावावर विसंबू नये. तपासायचं कसं, याची ही माहिती.

आधी पंथ ओळखा

सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या पीसी-यूएसए (प्रेस्बिटेरियन चर्च, यूएसए) या पंथात सापडतील. उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन जुने पंथ १९८३ मध्ये एकत्र येऊन तो झाला. मुख्य कार्यालय केंटकीतल्या लुईव्हिलला. बाकीचे वेगळे. पीसीए (प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका) हा १९७३ मध्ये निघालेला पंथ स्त्रियांना वडील किंवा पाळक म्हणून दीक्षा देत नाही. ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन १९३६ चा, त्याचंही तेच. २०१२ मध्ये सुरू झालेला इको (ECO) हा पंथ स्त्रियांना पाळकपद देतो, पण समलिंगी विवाहाच्या विरोधात आहे. पीसी-यूएसएमधून बाहेर पडलेल्या बऱ्याच मंडळ्या तिथं गेल्या. फसगत होते ती इथंच, कारण बाहेर पडलेल्या मंडळीचं गावातलं जुनं नाव आणि इमारत बऱ्याचदा तशीच राहते. दहा वर्षांपूर्वीच्या ओळखीवरून कुणी 'ते चर्च चांगलं आहे' म्हणालं, तर आज ते कोणत्या पंथात आहे हे एकदा बघाच.

वेबसाइटच्या तळाशी किंवा पाटीच्या कोपऱ्यात पंथाची मुद्रा असते. पीसी-यूएसएची मुद्रा म्हणजे क्रूस, त्याच्या वरच्या भागात खाली झेपावणारं कबुतर, मधे उघडं पुस्तक आणि पायथ्याशी दोन्ही बाजूंना ज्वाला. ती दिसली नाही तर 'आमच्याविषयी' या पानावर कोणत्या प्रेस्बिटरीचं (परिसरातल्या मंडळ्यांच्या गटाचं) नाव आहे ते बघा. तेही नसेल तर ऑफिसला फोन करून सरळ विचारा. हा प्रश्न तिथं कुणाला खटकत नाही.

कोल्हापूर-मिरजेच्या वाचकांसाठी हे अगदी परकं घर नाही. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात सुरू केलेलं मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं, आणि मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वानलेस मिरजेला आले ते त्याच बोर्डाकडून. त्या मंडळ्या पुढे १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामधून १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. त्या बोर्डाच्या चर्चचा आजचा वारस म्हणजे पीसी-यूएसए. मुंबईत विल्सन कॉलेजवाल्या मिशनचं मूळ मात्र स्कॉटलंडचं. तिथल्या चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२ मध्ये आपल्या पाळकांना समलिंगी विवाह लावण्याची मुभा दिली.

नियम कुठपर्यंत नेतात

पीसी-यूएसएत निर्णयाच्या पायऱ्या आहेत. मंडळीचा कारभार निवडून आलेले वडील आणि पाळक मिळून चालवतात, त्या सभेला सेशन म्हणतात. त्याच्या वर परिसरातल्या मंडळ्यांची प्रेस्बिटरी, मग सिनड, आणि दोन वर्षांनी भरणारी महासभा. पंथाच्या संविधानातला बदल महासभेने मंजूर केला तरी निम्म्याहून अधिक प्रेस्बिटरींनी होकार दिल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून या पंथात कुठलाही बदल रेंगाळत येतो, आणि एकदा आला की सहसा टिकतो.

१९७८ मध्ये, एकत्रीकरणाआधी, उत्तरेच्या पंथाच्या महासभेने उघडपणे समलिंगी जीवन जगणाऱ्यांना दीक्षा देऊ नये असं सांगितलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वेस्ट पार्क मंडळीने आपण ते मानणार नाही असं जाहीर केलं. समलिंगींना पूर्ण सामावून घ्यावं म्हणणाऱ्या 'मोअर लाइट' चळवळीचं नाव तिथून आलं. १९९७ मध्ये 'स्त्री-पुरुष विवाहात एकनिष्ठा किंवा अविवाहिताचं ब्रह्मचर्य' ही अट थेट नियमावलीत घातली गेली. ती निघाली २०११ मध्ये. विवाहाच्या व्याख्येतला बदल २०१४ ला डेट्रॉइटच्या महासभेत मंजूर झाला आणि २०१५ मध्ये प्रेस्बिटरींच्या बहुमताने लागू झाला: विवाह दोन व्यक्तींमधला, परंपरेने स्त्री आणि पुरुष यांच्यातला. २०२४ च्या महासभेने भेदभाव न करण्याच्या कलमात लैंगिक कल आणि लिंगओळख हे शब्द घालण्याचा ठराव पाठवला, त्यालाही २०२५ मध्ये बहुमत मिळालं.

पण यातली मेख नीट समजून घ्या. हे सगळे नियम परवानगी देतात; बहुतेक ठिकाणी सक्ती करत नाहीत. समलिंगी जोडप्याचं लग्न लावायला पाळकाला कुणी भाग पाडू शकत नाही, आणि चर्चची वास्तू द्यायलाही सेशनला भाग पाडता येत नाही. सद्सद्विवेकाचा धनी एकटा देव, हे या पंथाचं जुनं तत्त्व आहे आणि ते दोन्ही बाजूंना संरक्षण देतं. त्यामुळे पंथ खुला असूनही त्यातली एखादी मंडळी बंद असू शकते. एका बाबतीत मात्र पळवाट नाही: येशू ख्रिस्तावरचा विश्वास कबूल करण्याशी ज्याचा संबंध नाही अशा कोणत्याही कारणावरून सभासदत्व नाकारता येत नाही. म्हणजे आत घेतील नक्की. पुढे वडील म्हणून निवडतील का, लग्न लावतील का, हे त्या-त्या मंडळीवर.

त्यांचा विश्वास नेमका काय

'सर्वसमावेशक म्हणजे शास्त्र बाजूला ठेवलं' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. तसं नाही. हे लोक त्रैक्य मानतात, कृपेने तारण मानतात, बाळांना बाप्तिस्मा देतात, आणि उपदेशाला बहुतेक उपासनेत मध्यवर्ती जागा असते. त्यांच्या विश्वासांगीकारांच्या संग्रहात बारा दस्तऐवज आहेत: नायसिया आणि प्रेषितांचा मतांगीकार, १५६० चा स्कॉट्स, १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, वेस्टमिन्स्टरचा अंगीकार आणि त्याच्या दोन प्रश्नोत्तऱ्या, हिटलरच्या काळात १९३४ मध्ये लिहिलेलं बार्मेनचं घोषणापत्र, १९६७ चा अंगीकार, वगैरे.

समावेशाच्या बाजूने सर्वात जास्त हाताशी येतो तो बेल्हार अंगीकार. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाच्या काळात तिथल्या मिशन चर्चने तो १९८६ मध्ये स्वीकारला. पीसी-यूएसएच्या संग्रहात तो २०१६ ला आला. त्याची पार्श्वभूमी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड सिनडने 'काहींच्या दुबळेपणामुळे' गोऱ्यांना आणि इतरांना वेगवेगळं प्रभुभोजन घ्यायला मोकळीक दिली, आणि त्या सवलतीतून वेगळी चर्चं उभी राहिली. बेल्हार सांगतो की मंडळीची एकी ही दिसली पाहिजे, आणि माणसांना जन्मावरून वेगळं बसवणारी शिकवण सुवार्तेच्या विरोधात आहे. पाणवठ्याचं आणि पंगतीचं राजकारण ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा दस्तऐवज आधी वाचावा असं सुचवू.

बायबलच्या बाबतीत वाद असतो तो उत्पत्ती १९, लेवीय १८ आणि २०, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, पहिले करिंथ ६ आणि पहिले तीमथ्य १ या उताऱ्यांवर. समावेशक मंडळी हे उतारे फाडून टाकत नाही. त्यांत कोणत्या वर्तनाविषयी बोललंय, बळजबरी आणि मूर्तिपूजेशी त्याचा संबंध काय, हे विचारते. मग त्यांच्या शेजारी यशया ५६ मधलं षंढांना दिलेलं अभिवचन, प्रेषितांची कृत्ये ८ मधला कूशी षंढ अधिकारी आणि १० मधला यहुदी नसलेला कर्नेल्य ठेवते. पटो न पटो, पण युक्तिवाद शास्त्रातूनच चालतो. हे सगळं मान्य करणं ही सभासदत्वाची अट मात्र नाही. सभासदाने ख्रिस्त प्रभू आणि तारणारा आहे एवढंच कबूल करायचं असतं. विश्वासांगीकारांशी बांधिलकीची शपथ पाळक, वडील आणि डीकन (सेवाकार्य पाहणारे) यांना दीक्षेच्या वेळी घ्यावी लागते.

घरबसल्या तपासणी

'सर्वांचं स्वागत आहे' या वाक्याला शून्य गुण द्या. ते सगळेच लिहितात. इंद्रधनुषी झेंड्याला थोडे गुण द्या. तो कुणीतरी उत्साहात लावलेला असू शकतो. खरे गुण सेशनने केलेल्या ठरावाला. समावेशाचं निवेदन वेबसाइटवर आहे का, त्यात 'समलिंगी', 'ट्रान्स' असे शब्द स्पष्ट आहेत का, आणि ते 'मंडळीच्या जीवनात सहभाग' एवढ्यावर थांबतं की 'दीक्षा, नेतृत्व आणि विवाह' असं नाव घेऊन बोलतं, हे बघा. फरक इथेच असतो. मोअर लाइट प्रेस्बिटेरियन्स या संघटनेच्या यादीत नाव असेल तर तेही जमेस धरा, पण यादीत नाव घातल्यावर पाळक बदलले असतील, निम्मे वडील बदलले असतील. वडिलांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते आणि सलग सहा वर्षांच्या वर कुणाला राहता येत नाही.

मग पाळकांना किंवा सेशनच्या क्लार्कना (कागदपत्रं सांभाळणाऱ्यांना) एक छोटा ईमेल करा. प्रश्न गोल नको, टोकदार हवेत:

– समलिंगी विवाहाबाबत सेशनचं लेखी धोरण आहे का? ते वाचायला मिळेल का?
– समलिंगी किंवा ट्रान्स सभासद वडील किंवा डीकन झाले आहेत का? (नावं विचारू नका.)
– दोन आया किंवा दोन बाबा असलेल्या बाळाचा बाप्तिस्मा इथं झाला आहे का?
– सभासदांच्या नोंदीत माझं वापरातलं नाव राहील का?

उत्तरं कशी वाचायची? 'हो, २०१६ च्या ठरावाची प्रत सोबत जोडली आहे' अशा धाटणीचं उत्तर आलं की काम झालं. 'आमच्याकडे असा प्रसंग कधी आला नाही' याचा अर्थ निर्णय झालेला नाही. पहिला प्रसंग तुमच्यावर येईल आणि चर्चा तुमच्या नावाने होईल, त्याची तयारी असेल तरच पुढे जा. 'आम्ही सगळ्यांवर प्रेम करतो, या, कॉफी घेऊ' हे उत्तर बहुधा नकाराचं सभ्य रूप असतं. पाळक नुकतेच गेले असतील आणि हंगामी पाळक असतील तर उत्तर मोघम येणं स्वाभाविक आहे. अशा वेळी क्लार्कना विचारा, कारण कागद त्यांच्याकडे असतात.

समावेश म्हणजे फक्त लैंगिकता नव्हे, हेही डोक्यात असू द्या. रॅम्प आहे का, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी सोय आहे का, सेशनमधले सगळे चेहरे एकाच वर्णाचे आणि एकाच वयाचे तर नाहीत? झेंडा मोठा आणि मंडळी शंभर टक्के गोरी, हे चित्र अमेरिकेत दुर्मीळ नाही. तिथं तुम्हाला समलिंगी म्हणून सहज घेतील आणि भारतीय म्हणून वर्षभर 'तुमचं इंग्रजी किती छान' ऐकवतील.

पहिला रविवार

उपासना साधारण तास-सव्वा तासाची. दहा मिनिटं आधी पोहोचा आणि दारात मिळणारी पत्रिका घ्या. त्यातल्या ठळक ओळी सर्वांनी मोठ्याने म्हणायच्या. चांदणीची खूण म्हणजे जमत असेल त्याने उभं राहायचं. क्रम आपल्याला ओळखीचाच वाटेल: उपासनेस पाचारण, गीत, पापांगीकार, क्षमेचं आश्वासन, मग शांतीची देवाणघेवाण, शास्त्रवाचन, उपदेश, अर्पण, आशीर्वचन. शांतीच्या वेळी लोक जागा सोडून हात मिळवत फिरतात. 'पीस बी विथ यू' एवढं म्हटलं की पुरे. अर्पणाचं तबक समोरून गेलं आणि काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही.

प्रभुभोजन बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. मेज सर्वांना खुलं: वयाची अट नाही, दृढीकरणाची नाही, सभासद असण्याचीही नाही. बाप्तिस्मा न झालेल्यालाही भाकर नाकारत नाहीत, नंतर बाप्तिस्म्याविषयी प्रेमाने विचारतात. प्याल्यात बहुधा द्राक्षरस असतो, वाइन नव्हे. तबक बाकांवरून फिरवतात किंवा रांगेने पुढे जाऊन भाकरीचा तुकडा प्याल्यात बुडवायचा असतो. ग्लुटेन चालत नसेल तर वेगळी भाकर कुठे आहे ते पत्रिकेत लिहिलेलं असतं. आपल्याकडे दृढीकरणाआधी मुलांना प्रभुभोजन न देणाऱ्या मंडळ्यांमधून आलेले पालक इथं गडबडतात. मुलाला द्यायचं नसेल तर हात आडवा धरा, पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील.

उपासनेनंतरची कॉफी चुकवू नका. मंडळीची परीक्षा तिथं होते. पुरुष जोडप्याशी बाकीचे कसे बोलतात, एकटा उभा असलेला ट्रान्स तरुण एकटाच राहतो का, मुलांची ओळख करून देताना आजी कोणते शब्द वापरते, हे पंधरा मिनिटांत दिसतं. निदान तीन रविवार जा, त्यातला एक पाळक रजेवर असतानाचा मिळाला तर उत्तम. एकाच माणसाच्या जोरावर उभा असलेला समावेश त्या दिवशी उघडा पडतो.

सभासद होताना

आत यायचे तीन मार्ग आहेत. पहिल्यांदाच विश्वास जाहीर करणाऱ्यासाठी विश्वासाची कबुली, आणि बाप्तिस्मा झाला नसेल तर तोही. दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्यासाठी बदलीचं पत्र. आणि पूर्वी बाप्तिस्मा आणि कबुली झालेल्यासाठी विश्वासाची पुनर्कबुली. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा मान्य असतो, मग तो नगरच्या मंडळीत झालेला असो की वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये. पुन्हा देत नाहीत, मागितला तरी देत नाहीत.

यातला तिसरा मार्ग बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. बदलीच्या पत्रासाठी गावाकडच्या पाळकसाहेबांना नव्या चर्चचं नाव कळवावं लागतं. ते नाव इंटरनेटवर शोधायला त्यांना दोन मिनिटं लागतात, आणि मग बातमी रविवारच्या उपासनेआधी आईवडिलांच्या कानावर. घरी अजून सांगितलं नसेल तर पत्राच्या भानगडीत पडू नका, पुनर्कबुलीने या. तिला घरच्या मंडळीचं पत्र लागत नाही. शिक्षणापुरते आला असाल आणि गावचं सभासदत्व सोडायचं नसेल तर संलग्न सभासदत्वही मिळतं. त्यात मतदान करता येत नाही, आणि त्याला मात्र घरच्या मंडळीचा दाखला लागतो.

आधी नव्या सभासदांचा वर्ग असतो, कुठे एका शनिवारचा तर कुठे तीन-चार रविवारांचा. मग सेशनची भेट. लोक उगाच घाबरतात. दोन-चार वडील तुम्ही इथवर कसे आलात एवढं ऐकून घेतात आणि मत घेऊन तुम्हाला दाखल करतात. दाखल करतं ते सेशन. पुढच्या रविवारचं उभं राहणं हे स्वागत असतं. ठरावीक वर्गणी नाही. शरद ऋतूत पुढच्या वर्षीच्या अर्पणाचा अंदाज एका कार्डावर मागतात, तो तुमच्या ऐपतीने भरा. जानेवारीत करासाठी पावती येते.

गुप्ततेचं काम दाखल होण्याआधीच उरकायचं. सेशनच्या क्लार्कना लेखी कळवा: छापील किंवा ऑनलाइन यादीत माझा फोटो नको, फेसबुकवरच्या 'नवे सभासद' पोस्टमध्ये नाव नको. उपासना थेट प्रक्षेपित होते का, कॅमेरा कोणत्या बाकांकडे असतो, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी डाव्या किंवा उजव्या बाजूच्या ठरावीक रांगा चौकटीबाहेर असतात. प्रार्थनाविनंती देताना खबरदारी जास्त हवी, कारण ती माइकवर वाचली जाते आणि पुष्कळदा ईमेलनेही जाते: 'अमक्याच्या घरच्यांनी त्याला स्वीकारावं म्हणून प्रार्थना करा' हे चांगल्या हेतूने वाचलेलं वाक्य सोलापूरपर्यंत पोहोचू शकतं. 'कुटुंबासाठी' एवढंच लिहा.

लग्न इथं करायचं असेल तर किमान सहा महिने आधी पाळकांशी बोला. विवाहपूर्व भेटी ठरतात, वास्तूसाठी सेशनची संमती लागते, आणि सरकारी परवाना तुम्ही स्वतः काढायचा असतो. एक जोडीदार ख्रिस्ती नसेल तरी लग्न होऊ शकतं. दोघांपैकी किमान एकाने ख्रिस्ती विश्वास जाहीर केलेला असावा. सत्यनारायणवाल्या घरच्या जोडीदाराला यात काही सोडून द्यावं लागत नाही.

पुढे शहर बदललं तर क्लार्कना कळवून बदलीचं पत्र नव्या मंडळीकडे पाठवायला सांगा. सेशन दरवर्षी सभासदांची नोंद तपासतं, आणि सभासदसंख्येनुसार मंडळीकडे प्रेस्बिटरी, सिनड आणि महासभेसाठी माणशी रक्कम मागितली जाते. न कळवता गेलात तर काही काळाने नाव कमी होतं, आणि लग्नासाठी किंवा बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी दाखला लागला की मग धावपळ सुरू होते.